कवळीचं मऊ अस्तर कडक होतं, त्यात कोकमाचा दोष किती?

गुहागरहून एका ताईंनी विचारलंय. सासूबाई ७४ वर्षांच्या, दोन्ही कवळ्या आठ वर्षांपूर्वीच्या. खालची टोचायला लागली म्हणून पाच महिन्यांपूर्वी तिला आतून मऊ अस्तर लावून घेतलं. पहिले दोन महिने सुखात गेले. आता अस्तर कडक झालंय, कडेने तपकिरी पडलंय आणि वास येतो. घरातल्या कुणीतरी सांगितलं की हा सगळा चहाचा आणि कोकम सरबताचा प्रताप. तेव्हापासून सासूबाईंनी दोन्ही सोडलंय. नवीन अस्तर लावलं तर तेही असंच होणार का, आणि कोणकोणती पेयं बंद करायची, असा प्रश्न आहे.

ताई, आधी त्यांना त्यांचा चहा परत द्या. कोकमही द्या, साखर बेताची घालून. अस्तर कडक झालं ते त्याचं वय झालं म्हणून. चहाने आणि कोकमाने त्याला रंग दिला. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांची गल्लत झाली की म्हातारं माणूस विनाकारण उपाशी राहतं. सिंधुदुर्गात गेली पंचवीसेक वर्षं मी कवळ्या बसवतो आहे आणि ही गल्लत दर महिन्याला बघतो.

मुळात अस्तर लावायची वेळ का आली, तिथून सुरुवात करू. दात गेले की जबड्याचं हाड झिजायला लागतं आणि ती झीज पूर्ण कधीच थांबत नाही. खालच्या जबड्यात ती वरच्यापेक्षा कितीतरी जास्त असते. कवळी वापरणाऱ्यांचे जबडे पंचवीस वर्षं मोजत राहून १९७२ साली टालग्रेन यांनी दाखवलं की पुढच्या भागात खालचं हाड वरच्याच्या साधारण चौपट झिजतं. वरच्या कवळीला टेकायला अख्खा टाळू मिळतो. खालचीला मिळतो तो घोड्याच्या नालासारखा अरुंद कठडा, आणि त्यावरची कातडी वयाबरोबर पातळ होत जाते. कडक ॲक्रिलिकची कवळी आणि टोकदार झालेलं हाड यांच्यामध्ये ती कातडी चिमटते. तिथे दोन ते तीन मिलिमीटर जाडीची गादी घालायची, म्हणजे मऊ अस्तर.

ही गादी दोन जातींची असते आणि सासूबाईंची कोणती आहे यावर निम्मं उत्तर अवलंबून आहे.

पहिली जात ॲक्रिलिकची. हे प्लास्टिक स्वभावाने मऊ नसतं. त्याची पावडर बहुधा पॉलिइथाइल मेथाक्रिलेटची असते आणि ते साधारण ६५ अंश सेल्सिअसच्या खाली ताठच राहतं. तोंडात ३७ अंश. मग मऊ कसं होतं? त्यात प्लास्टिसायझर नावाचा तेलकट द्रव मिसळतात. तो प्लास्टिकच्या लांब साखळ्यांच्या मध्ये शिरतो, त्या एकमेकींवरून सरकायला लागतात आणि ताठ पदार्थ तोंडाच्या उष्णतेतही रबरासारखा वागतो. अडचण अशी की हा द्रव साखळ्यांना बांधलेला नसतो, नुसता मध्ये बसलेला असतो. तो हळूहळू लाळेत उतरतो, जाणाऱ्याच्या जागी थोडं पाणी शिरतं, आणि अस्तर पुन्हा आपल्या मूळ स्वभावावर येतं. पोफळीच्या बागेत शिंपणाला वापरलेली प्लास्टिकची नळी आठवा. नवी असताना वेटोळं होते, चार उन्हाळ्यांनी वाकवली तर तडकते. कारण तेच, मधला द्रव निघून गेलेला असतो. तोंडात हे काम महिन्यांत होतं.

यातच एक आणखी अल्पायुषी भावंड आहे, टिश्यू कंडिशनर. सुजलेल्या, फोड आलेल्या हिरड्या शांत व्हाव्यात म्हणून ते लावतात. त्याच्या द्रवात इथेनॉलही असतं. ते पहिल्या काही तासांतच बाहेर पडायला लागतं आणि पाठोपाठ प्लास्टिसायझर. म्हणून ते काही दिवसांनी, फार तर दोन-तीन आठवड्यांनी बदलायचं असतं. तुमच्याकडे बिल किंवा चिठ्ठी असेल तर बघा. व्हिस्को-जेल किंवा को-कम्फर्ट असं काही लिहिलं असेल तर ते याच तात्पुरत्या जातीचं. पाच महिने ते तोंडात ठेवलं असेल तर त्याने बिचाऱ्याने त्याच्या आयुष्यापेक्षा जास्तच काम केलंय. नेहमीचं ॲक्रिलिक मऊ अस्तर काही महिने टिकतं, आणि तुमच्या वर्णनावरून मला ते तसलंच वाटतं.

दुसरी जात सिलिकॉनची. सिलिकॉन जन्मतःच लवचिक असतं, त्याला प्लास्टिसायझर लागत नाही, त्यामुळे ते उशिरा आणि थोडंच कडक होतं. नीट सांभाळलं तर वर्षभर, कधी त्याहून जास्त टिकतं. त्याचं दुखणं वेगळं. कवळीच्या ॲक्रिलिकला ते स्वतःहून चिकटत नाही, मध्ये वेगळं चिकटद्रव्य लावावं लागतं, आणि कालांतराने कडेने ते सुटायला लागतं. सुटलं की त्या फटीत लाळ आणि चहा शिरतो. कवळी उजेडात तिरकी धरली की गुलाबी ॲक्रिलिक आणि अस्तर यांच्या सांध्यावर केसाएवढी तपकिरी रेघ दिसते. ती रेघ म्हणजे डाग नव्हे, ती फट आहे. घासून जात नाही आणि घासूही नये, कारण घासल्याने ती वाढते.

घरी एक साधी परीक्षा करा. कवळी धुऊन ओली असतानाच अंगठ्याच्या नखाने अस्तर हलकेच दाबा, टोचू नका. खळगा पडून लगेच भरून आला तर त्यात जीव आहे. नख नुसतंच घसरलं तर आयुष्य संपलं. खळगा पडून तसाच राहिला तर बहुधा ते कंडिशनर आहे.

आता पेयांकडे येतो. त्याआधी माझ्या हातून झालेली एक चूक सांगतो, कारण तीच चूक तुमच्या घरी चालली आहे. धंद्यात नवा होतो तेव्हा वेंगुर्ल्याच्या बाजूच्या एका आजींना मी ॲक्रिलिकचं अस्तर लावून दिलं होतं. चार महिन्यांनी त्या परत आल्या. ‘डॉक्टरानू, दगडासारखी झाली, घास चावूक येणा नाय.’ अस्तराला लालसर जांभळट झाक होती. मी पुस्तकात वाचलं होतं की आंबट पेयांनी अस्तर खराब होतं. म्हटलं, सोलकढी बंद, कोकम बंद. नवीन अस्तर लावून पाठवलं. त्यांनी माझा शब्द अगदी कसोशीने पाळला. पुन्हा चार-साडेचार महिन्यांनी आल्या त्या अस्तर तितकंच कडक घेऊन, रंग तेवढा फिका. आणि वजन घटलेलं. भात गिळायला त्यांना सोलकढीच लागायची, ती नाही म्हणून जेवण अर्ध्यावर आलं होतं. सुनेने हे सांगितलं तेव्हा मला फार वाईट वाटलं. त्यानंतर कुणाच्या ताटातली सोलकढी मी काढलेली नाही.

कोकमाचं शास्त्र त्या मानाने सोपं आहे. आमसुलाचा लाल रंग अँथोसायनिन जातीचा, पाण्यात विरघळणारा. तो अस्तराच्या पृष्ठभागावर आणि बारीक छिद्रांत बसतो. त्यातलं आम्ल दातांच्या खऱ्या इनॅमलला खातं, पण कवळीत इनॅमल नाही. ॲक्रिलिकला किंवा सिलिकॉनला सरबतातल्या आम्लाने काही विरघळवता येत नाही. ज्यांचे काही दात अजून शाबूत आहेत त्यांनी मात्र कोकम पिऊन झालं की पाण्याने चूळ भरावी. एक गंमत पुष्कळ जणांना घाबरवते. कोकमाचा डाग काढायला कवळी खायच्या सोड्याच्या पाण्यात टाकली की डाग जाण्याऐवजी निळसर-करडा होतो आणि लोकांना वाटतं बुरशी आली. ती बुरशी नाही. अँथोसायनिन आम्लात लाल आणि क्षारात निळसर दिसतं, एवढंच.

हळदीचं याच्या उलट. तिचा रंग पाण्यात फारसा उतरत नाही, तेलात उतरतो. ॲक्रिलिक अस्तरात तेलकट प्लास्टिसायझर भरलेलाच असतो, त्यामुळे माशाच्या कालवणातली हळद त्यात आतपर्यंत मुरते. साबण लावला की डाग तांबडा होतो, हे साडीवर पडलेल्या हळदीवरून तुम्हाला माहीतच असेल. आणि साडीसारखीच कवळीही उन्हात ठेवायचा मोह होतो. तो टाळा. हळद उडेल, पण अस्तर सुकून आक्रसेल आणि कडेने उचकटेल.

चहात टॅनिन असतं. त्याने तपकिरी पडतं, आणि त्यात आपल्याकडे एक भर पडते. कोकणातल्या काही बोअरवेलच्या पाण्याला लोहाचा तांबूस रंग असतो. टॅनिन आणि लोह एकत्र आले की काळपट निळा रंग तयार होतो, जुन्या काळची शाई याच मेळातून करत. घरातलं पाणी तसलं असेल, किंवा सासूबाई रक्तवाढीच्या लोहाच्या गोळ्या चघळत किंवा विरघळवत घेत असतील, तर चहाचा डाग तपकिरीवर न थांबता काळा होतो. सुपारी खात असतील तरी तेच, तिच्यातही टॅनिन आहेच. अशा घरी कवळी भिजत घालायला उकळून गार केलेलं, गाळलेलं किंवा पावसाचं स्वच्छ पाणी घ्या. डाग अर्धा होतो असं मला दिसलंय. चहाच्या उष्णतेची काळजी करू नका, घोट तोंडात येईपर्यंत निवतो. धोका आहे तो कवळीवर उकळतं पाणी ओतण्यात. काही जण ‘जंतू मरावेत’ म्हणून ते करतात. त्याने कवळीच वाकते आणि मग कोणतंही अस्तर ती सावरू शकत नाही.

एका पेयाबाबत मात्र मी खरंच सावध करतो आणि ते म्हणजे दारू. प्लास्टिसायझर पाण्यापेक्षा मद्यार्कात पुष्कळ सहज विरघळतो. ताडीमाडी सौम्य असते, पण फेणीसारखी कडक दारू रोज संध्याकाळी घोळवत घेणाऱ्यांचं ॲक्रिलिक अस्तर लवकर जातं, आणि कवळीच्या कडक भागावरही कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेषा उठू शकतात. सासूबाईंचा याच्याशी संबंध नसेल, पण वासासाठी त्यांना कुणी माउथवॉश आणून दिलाय का ते बघा. पुष्कळ माउथवॉशमध्ये अल्कोहोल असतं. कवळी रात्रभर त्यात बुडवून ठेवणं म्हणजे अस्तर मुद्दाम म्हातारं करणं. तेलाचंही थोडं तसंच आहे, प्लास्टिसायझर स्निग्ध पदार्थात उतरतो. नारळाचा रस आपल्या जेवणात रोजचा, तेव्हा इथल्या तोंडात ॲक्रिलिक अस्तराला जरा कमी दिवस मिळतात असं धरून चाला. पण त्यासाठी नारळ सोडायचा नसतो, अस्तर बदलायची तारीख अलीकडे आणायची असते.

प्रयोगशाळेत हे सगळं मोजतात. अस्तराच्या चकत्या चहा, कॉफी, कोला अशा पेयांत ३७ अंशांवर दिवसचे दिवस बुडवून ठेवतात, किंवा ५ आणि ५५ अंशांच्या पाण्यात आलटून पालटून हजारो वेळा बुडवून त्यांना कृत्रिम म्हातारपण देतात. मग शोअर-ए नावाच्या मापाने कडकपणा आणि यंत्राने रंगातला फरक बघतात. अशा चाचण्यांमध्ये ॲक्रिलिक अस्तरं सहसा सिलिकॉनपेक्षा जास्त कडक होतात आणि पेयांनी रंग बदलतो, हे खरं. पण तिथली चकती दिवसरात्र चहात बुडलेली असते. सासूबाईंचा चहा दिवसातून दोनदा, चार घोटांचा, आणि मागून लाळ धुऊन नेते. शिवाय ती चकती साध्या पाण्यात ठेवली तरी कडक होतेच, फक्त रंगत नाही. चाचणीतल्या या साध्या पाण्याच्या चकतीकडे कुणी बघत नाही आणि बातमी तेवढी ‘चहाने कवळी खराब होते’ अशी पसरते.

आता वास. तुमच्या पत्रातली मला सर्वांत महत्त्वाची वाटलेली गोष्ट ही आहे. जुनं अस्तर खरखरीत आणि सच्छिद्र होतं, आणि त्या छिद्रांत कॅन्डिडा नावाची बुरशी घर करते. तिला साखर आवडते. म्हणून सरबतातलं कोकम मी सोडायला सांगत नाही, साखर कमी करायला सांगतो, आणि चघळायच्या गोळ्या-चॉकलेटंही. सासूबाईंना मधुमेह असेल, किंवा रक्तदाबाच्या वगैरे गोळ्यांनी तोंड कोरडं पडत असेल, तर बुरशीला रान मोकळं. कवळ्या काढून त्यांना खिडकीशी बसवा, तोंड उघडायला सांगा आणि टाळू बघा. कवळीच्या आकाराचा लालभडक ठसा दिसला तर तो बुरशीचा असण्याचा संभव फार. दुखत नाही म्हणून तो वर्षानुवर्षं कुणाच्या लक्षातच येत नाही. त्यावर डॉक्टरांकडून औषध घ्यावं लागेल आणि ते संपेपर्यंत नवीन कायमचं अस्तर लावून घेऊ नका. सुजलेल्या हिरडीवर घेतलेलं माप सूज उतरली की चुकतं.

आणि रात्री कवळी काढून ठेवतात का? मला शंका आहे की नाही. घरात नातवंडं, जावई असले की आपल्या बायका बिनदातांचं तोंड दाखवायला लाजतात आणि कवळी घालूनच झोपतात. त्यांना मायेने समजावा. हिरड्यांना रात्रीची विश्रांती मिळाली तर बुरशी, सूज आणि टोचणं तिन्ही कमी होतं. काढलेली कवळी साध्या पाण्याच्या वाटीत बुडवून ठेवायची, अस्तर कोरडं पडू द्यायचं नाही. जेवणानंतर वाहत्या पाण्यात धुवायची. अस्तरावर बोटाने किंवा अगदी मऊ ब्रशने साधा साबण फिरवायचा. टूथपेस्ट नको, मिश्री तर नकोच. त्यांनी अस्तर खरवडतं आणि खरवडलेल्या जागी डाग दुप्पट बसतो. फसफसणाऱ्या गोळ्या कडक कवळीला चालतात, पण काही मऊ अस्तरांचा, विशेषतः कंडिशनरचा, पृष्ठभाग त्यांनी बिघडतो. तुमच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नका. पावसाळ्यात विहिरीत टाकायची टीसीएल पावडर कवळीला लावून आलेले दोघे-तिघे मी पाहिलेत. अस्तर पांढरं आणि ठिसूळ झालं होतं, हिरड्या भाजल्या होत्या त्या वेगळ्याच.

नवीन अस्तर लावलं तर पुन्हा असंच होईल का, तर ॲक्रिलिकचं लावलंत तर होईल, साधारण तेवढ्याच महिन्यांत. तो दोष कुणाचाच नाही. पहिल्या वेळी हे तुम्हाला सांगायला हवं होतं, आणि ते राहून गेलं याचं मला वाईट वाटतं. माझा सल्ला असा. आठ वर्षांच्या कवळीत नुसतं अस्तर बदलण्याआधी डॉक्टरांना कवळी मुळात बसते का ते तपासायला सांगा. दात झिजून चावा बदलला असेल, हाड खाली गेलं असेल, तर जाड गादी घालून ते झाकलं जाणार नाही, खालची कवळी नवीच करावी लागेल. बसत असेल तर बुरशी बरी करून मग प्रयोगशाळेत उष्णतेवर पक्कं केलेलं सिलिकॉनचं अस्तर घ्या. खर्च जास्त आहे, पण दर चार महिन्यांनी गुहागर-चिपळूण फेरी मारण्यापेक्षा स्वस्त पडतं. आणि प्रकृती साथ देत असेल, ऐपत असेल, तर खालच्या जबड्यात पुढे दोन इम्प्लांट, म्हणजे हाडात बसवायचे धातूचे स्क्रू, घालून त्यांवर अडकणारी कवळी हा पर्याय विचारा. मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात २००२ साली जमलेल्या तज्ज्ञांनी बिनदातांच्या खालच्या जबड्यासाठी हाच पहिला पर्याय असावा असं म्हटलं होतं. ७४ हे वय त्याच्या आड येत नाही. आड येतो तो आटोक्यात नसलेला मधुमेह, आणि हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून दिलेली काही औषधं. ती चालू असतील तर आधी सांगा.

प्रयोगशाळेचं अस्तर करायला कवळी दोन-तीन दिवस द्यावी लागते. गणपतीला सगळे घरी जमायच्या आत उरकायचं असेल तर महिनाभर आधी जा. जाताना कवळी ओल्या फडक्यात गुंडाळून डब्यात घ्या, बिल घ्या, सगळ्या गोळ्यांची पाकिटं घ्या. आणि सासूबाईंची याआधीची जुनी कवळी घरात कुठे जपून ठेवलेली असेल तर तीही घ्या. ती घासूनपुसून, तात्पुरतं कंडिशनर लावून दिली तर त्या दोन-तीन दिवसांत त्यांना पेज आणि सोलकढी-भात तरी जेवता येईल.